इंदूरमध्ये राहून शूटिंगच्या गर्दीत काम कसं मिळतं?

रामबागवाली

नमस्कार मंडळी. शाळेची नोकरी संपून वर्ष झालं, वय ५८. मुलगी पुण्यात, घरी मी आणि हे. आजवर नाटक वगैरे काही केलेलं नाही, इथल्या सानंद संस्थेची नाटकं खुर्चीत बसून पाहिली एवढंच. प्रश्न शेवटी आहे, आधी काय झालं ते सांगते.

मंडलेश्वरला माझी मामेबहीण असते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, महेश्वरच्या घाटावर जुन्या काळातल्या एका हिंदी मालिकेचं शूटिंग आहे, नऊवारी स्वतःची स्वतः नेसता येणाऱ्या बायका हव्या आहेत, येतेस का? म्हटलं, येते. महेश्वरला याआधी बरेचदा गेले आहे. दरवेळी अहिल्याबाईंच्या वाड्यात नमस्कार, साड्यांच्या दुकानात तास दीड तास आणि परत. घाटावर पहाटे पाचला कधी उभी राहिले नव्हते.

तिथे पहिल्यांदा माझा चष्मा काढला. मग एका मुलाने मनगट बघितलं. घड्याळाचा पांढरा पट्टा पडलेला, तो पॅनकेक मेकअप लावून झाकला. नखांना काही लावलंय का, केसांत क्लिप आहे का, ब्लाउजला मागे चेन तर नाही ना, सगळं झालं. मोबाइल पिशवीत जमा. मला काम दिलं ते डोक्यावर कळशी घेऊन वरच्या पायरीपासून निघायचं, नायिका बोलत असते तिच्या मागून जायचं आणि खांबाआड दिसेनासं व्हायचं. बस.

पहिल्या वेळी कळशी रिकामी होती. कोणीतरी लांबून ओरडलं, "मावशी, कळशी हलकी दिसतेय!" मला वाटलं हे कसं दिसणार कॅमेऱ्यात. तर म्हणे मान सैल राहते, हात नुसता टेकलेला दिसतो. मग भरली. पाणी घातल्यावर मी आपोआप जशी चालायला हवी तशी चालायला लागले. आणि तशी चौदा वेळा चालले. नायिकेचं वाक्य चुकत होतं, एकदा नदीत बोटीचा भोंगा वाजला, एकदा कुत्रं मध्ये आलं. दर वेळी मी खांबाआडून परत वर. अकराच्या पुढे पायऱ्या अशा तापल्या की अनवाणी पाय टेकवेना.

नंतर आम्हा दोघींना घाटावर बसून गप्पा मारायला सांगितलं, पण आवाज न करता. नुसते ओठ हलवायचे, मान डोलवायची, मध्येच हसायचं. पाच मिनिटांत आमचे खोटे शब्द संपले. मग मी मनाचे श्लोक म्हणायला लागले आणि बहिणीने साबुदाण्याच्या खिचडीची कृती सांगितली. ती दाण्याच्या कुटापाशी आली की मी हसायचं, असं ठरवून टाकलं.

हातात ६०० रुपये मिळाले. शेजारची म्हणत होती ठरले ७०० आहेत. सकाळी पोहे दिले, बरे होते, पण वर जिरावन मसाला नाही. इंदूरच्या माणसाला हा अपमान आहे, असो.

मला हे सगळं मनापासून आवडलं. आता प्रश्न. अशी कामं इंदूरला बसून कळतात कुठून? ६०० रुपये बरोबर आहेत का? आणि शहरातल्याच एका ऑफिसात मला सांगितलं की ३५०० भरून 'आर्टिस्ट कार्ड' काढा, मग महिन्याला आठ-दहा दिवस काम नक्की. काढू का?

शेव_परमल

काकू, ते कार्ड काढू नका. बाकीचं नंतर वाचतो, आधी हे लिहिलं.

चष्मिष

कळशीचा किस्सा भारी! दाण्याच्या कुटावर हसणं तर अगदीच.

शेव_परमल

वाचलं. मी स्वतः पोळलोय म्हणून सांगतो. तीन वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी ५००० भरले. पोर्टफोलिओ म्हणून चौदा फोटो काढले, त्यात मला काळा गॉगल लावून बुलेटवर बसवलं. बुलेट त्यांचीच. मग व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं, त्यात रोज 'ऑडिशन अलर्ट' यायचे, सगळे मुंबईचे. एकही काम नाही. विचारायला गेलो तर म्हणे तुझं वजन जास्त आहे. भिया, पैसे घेताना वजन दिसलं नव्हतं का?

नंतर काम मिळालं ते फुकट मिळालं. राजवाड्याजवळ शूटिंग चालू होतं, मी बघत उभा होतो, एकाने विचारलं, "सायकल चालवता येते? दोन तास आहेस?" आहे म्हटलं. ५०० रुपये आणि जेवण.

नावाडी

रामबागवाली ताई, मी हेच काम करतो. महेश्वर, मंडलेश्वर, मांडू या पट्ट्यात शूटिंगला माणसं पुरवतो, आधी नुसत्या नावा पुरवायचो. त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकतो.

मुंबईची कंपनी येते तेव्हा मुख्य नट आणि तंत्रज्ञ सोबत आणते. गर्दी आणत नाही. शंभर माणसं मुंबईहून आणायची तर बस, राहणं, जेवण, सगळंच वाढतं, आणि घाटावर ती माणसं घाटावरची दिसतही नाहीत. म्हणून त्यांचा लाइन प्रोड्यूसर, म्हणजे शूटिंगची व्यवस्था बघणारा, आमच्यासारख्याला गाठतो. मला यादी येते, समजा ३० बायका, ४० पुरुष, १० म्हातारे, ५ टकले (हो, टकले वेगळे मागतात, पुजारी आणि पंडे करायला). मी ८५ला शंभर सांगतो, कारण पहाटे चारला पंधरा लोक फोन उचलत नाहीत.

इथे शूटिंग काही नवीन नाही. या घाटाने २००१च्या 'अशोका'पासून 'पॅडमॅन', 'दबंग ३'पर्यंत बरंच बघितलंय. पण राज्य सरकारने २०२० साली फिल्म पर्यटन नीती आणली, निर्मात्यांना अनुदान सुरू केलं, तेव्हापासून वेब सिरीजवाले जास्त येतात. राष्ट्रीय पुरस्कारांत 'चित्रपटांसाठी सर्वात अनुकूल राज्य' हा मान मध्य प्रदेशला २०१७ आणि २०२० या दोन वर्षांसाठी मिळाला आहे, तो उगाच नाही. इंदुरातही आता होतं. 'जरा हटके जरा बचके'ची (२०२३) तर गोष्टच इंदूरची आहे.

तुमचे शंभर रुपये. तो कमिशनचा भाग आहे. मी पण माणशी १०० घेतो, मात्र आदल्या दिवशी फोनवरच सांगतो की ७०० ठरलेत, ६०० हातात. न सांगता कापले असतील तर तो माणूस चुकला. मी नव्हतो एवढं लिहून ठेवतो!

रामबागवाली

नावाडीभाऊ, तुम्ही नव्हता हे कळलं, आमच्या वेळी जो होता त्याला मिशा नव्हत्या आणि तुमच्या फोटोत भरपूर आहेत. :)

पण मग एक सांगा, तुमच्यासारख्या माणसाच्या यादीत नाव जातं कसं?

नावाडी

तीन फोटो पाठवायचे. एक समोरून चेहरा, एक बाजूने, एक पायाच्या बोटांपर्यंत पूर्ण. दिवसाउजेडी, साध्या भिंतीसमोर, गॉगल नाही, फिल्टर नाही. लोक लग्नातले फोटो पाठवतात, त्यात शेजारी नवरदेव असतो, मी कोणाला निवडायचं? सोबत वय खरं लिहा, उंची, कुठे राहता, किती वाजता कुठे पोचू शकता.

आणि काय येतं ते. अभिनय येतो असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. नऊवारी नेसता येते, फेटा बांधता येतो, लेझीम येते, बैलगाडी हाकता येते, जातं ओढता येतं हे लिहा. माझ्याकडे एक आजोबा आहेत, त्यांच्याकडे चालू स्थितीतली जुनी स्कूटर आहे. आजोबांना सातशे आणि स्कूटरला हजार मिळतात. आजोबा म्हणतात, स्कूटर माझ्यापेक्षा चांगलं काम करते.

तुमच्या वयाच्या बायकांना मागणी आहे, पण येणाऱ्या कमी. वीस-बावीसच्या पोरांचा माझ्याकडे ढीग पडलाय. सगळ्यांना दाढी सारखीच, जुन्या काळाच्या सीनला एकही चालत नाही.

कॉमन_सेन्स

माफ करा, पण हे काय काम झालं? पहाटे चारला उठा, दिवसभर उन्हात उभे राहा, सहाशे रुपये आणि शेवटी पडद्यावर कोपरसुद्धा दिसणार नाही. त्यापेक्षा शिकवणी घ्या.

रामबागवाली

तीस वर्षं शिकवलंच ना भाऊ. आता उभं राहू द्या.

विंगेतला

इंदूरला हौशी रंगभूमीची जुनी परंपरा आहे, बाबा डिक्यांच्या नाट्यभारतीपासूनची, त्यामुळे आम्हा नाटकवाल्यांना वाटतं की कॅमेऱ्यासमोर आपण सहज खपून जाऊ. माझा अनुभव उलटा आहे.

एका सिरीजमध्ये मी कोर्टाबाहेरच्या गर्दीत होतो. तिथे नाटकातली प्रत्येक सवय नडली. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही हे इतकं अंगात मुरलेलं की 'पाठमोरे चालत जा' म्हटलं तरी मी तिरका होऊन चाललो. कॅमेरा कुठे आहे ते नकळत शोधत होतो. शेवटी तो पोरगेलासा असिस्टंट माझ्यापाशी आला आणि अगदी हळू म्हणाला, "सर, आप बहुत अच्छा कर रहे हैं, थोड़ा कम कीजिए." चाळीस वर्षांत मिळालेली सगळ्यात नेमकी सूचना!

अजून एक. गर्दीतला माणूस जेव्हा बघ्याचं काम करतो तेव्हा नुसता बघत नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतो, घाम पुसतो, शेजाऱ्याला काहीतरी विचारतो. पण जे कराल ते लक्षात ठेवा. पहिल्या टेकला पिशवी डाव्या हातात असेल तर संध्याकाळी सहाला दुसऱ्या बाजूने तोच सीन घेतील तेव्हाही डाव्याच हातात पाहिजे. याला ते कंटिन्युइटी म्हणतात. ती सांभाळणारा असतो, पण तो दीडशे पिशव्या नाही सांभाळत. ज्याला स्वतःची पिशवी आठवते त्याला परत बोलावतात.

चष्मिष

एक शंका. माझी मुलगी ७ वर्षांची आहे. तिच्या नृत्याच्या क्लासमध्ये कोणीतरी येऊन मुलांची नावं लिहून नेली, जत्रेच्या सीनसाठी. 'दिवसभर लागेल, पालकांपैकी एकाने यावं' एवढंच सांगितलं. पाठवू का?

वकीलकाका

चष्मिष, 'दिवसभर' हा शब्द ऐकूनच थांबा.

बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, नियम २०१७ साली सुधारले. मुलांना सिनेमा-मालिकेत काम करायची मुभा आहे, पण अटींवर. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मध्ये विश्रांती हवी. जिथे शूटिंग आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी काढायची असते. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस सेटवर हवा. शाळा बुडू नये याची व्यवस्था निर्मात्याने करायची आणि सलग २७ दिवसांच्या वर काम द्यायचं नाही. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने मुदत ठेवीत जायला हवा.

जत्रेच्या सीनला एक दिवस येणाऱ्या पोरांसाठी हे सगळं कोण करतो, असं म्हणाल. म्हणूनच विचारा. परवानगीचा कागद बघायला मागा. जो खरा असेल तो दाखवेल. जो 'अहो मॅडम, एका दिवसाचं तर काम' म्हणेल त्याला नमस्कार करा.

आणि रामबागवाली ताई, कार्डाचे ३५०० भरू नका. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. कोणी ऑनलाइन पैसे घेऊन बसला असेल तर १९३० वर लगेच फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. हे शेव_परमलसारख्या बुलेटवाल्यांना उशीर झालाय, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी.

शेव_परमल

वकीलकाका, बुलेट काढून मला चिडवू नका.

अवांतर: आपल्या इंदूरचा जॉनी वॉकर. मिल कामगाराचा मुलगा, मुंबईत बसमध्ये कंडक्टर, सिनेमात गर्दीतली कामं करायचा, आणि पुढे कुठे गेला! मग आपण का नाही?

अंधेरी_लोकल

धागा दोन दिवस वाचतोय, हे उदाहरण आलं म्हणून लिहितो. मी मूळचा इंदूरच्या सुदामानगरचा, सहा वर्षं मुंबईत हेच करतोय.

जॉनी वॉकर गर्दीत होता हे खरं, पण गर्दीतून उचलला गेला नाही. बलराज साहनींनी गुरुदत्तना त्याच्याबद्दल सांगितलं, त्याने जाऊन दारुड्याची नक्कल करून दाखवली आणि 'बाजी' (१९५१) मिळाला. म्हणजे त्याला कोणीतरी काहीतरी करताना पाहिलं. गर्दीत आपण काहीच करताना दिसायचं नसतं, पगारच त्याचा मिळतो. पडद्यावर नजर तुमच्याकडे गेली तर तुमचं काम बिघडलं.

इथली पद्धत अशी. रात्री नऊ ते अकरा ग्रुपवर मेसेज येतात. 'उद्या, फिल्मसिटी, ७चा कॉल, लग्नातले पाहुणे, पुरुष २५ ते ४०, कपडे स्वतःचे.' दोन मिनिटांत फोटो टाकायचा, नाहीतर जागा भरते. माझ्याकडे दोन सूट, एक शेरवानी, एक डॉक्टरचा पांढरा कोट, पोलिसाचे बूट आहेत. खोलीत चार जण, माझ्या वाट्याच्या कपाटात माणसापेक्षा कपडे जास्त. चांगले कपडे आणि चेहरा असला की 'डिसेंट क्राउड'मध्ये घेतात, पैसे थोडे बरे. झोपडपट्टीच्या सीनला उभं राहिलं की कमी. गंमत म्हणजे दोन्हीकडे मीच असतो.

युनियन आहे, पुरुषांची ज्युनिअर आर्टिस्ट्स असोसिएशन, बायकांचा महिला कलाकार संघ, दोन्ही सिनेकामगारांच्या फेडरेशनखाली. कार्डवाल्यांना दर, ओव्हरटाइम, तक्रारीला जागा हे सगळं मिळतं. खरं कार्ड ते. काकूंना ३५००ला विकत होते ते कार्ड म्हणजे लॅमिनेट केलेला कागद. माझं कार्ड अजून झालेलं नाही, त्यामुळे मी माणसं पुरवणाऱ्या सप्लायरच्या मर्जीवर. टीव्हीचे पैसे नव्वद दिवसांनी मिळणं इथे नेहमीचं आहे. एका सप्लायरकडे माझे अकरा दिवसांचे पैसे अडकले, फोन उचलायचा बंद झाला. आईला अजून सांगितलं नाही, इथे लिहितोय कारण ती धागे वाचत नाही.

आणखी एक, 'चेहरा लागणं'. एका मालिकेत तुम्ही भाजीवाला म्हणून नीट दिसलात की महिनाभर त्यात दुसरं काही म्हणून घेत नाहीत. म्हणजे जो दिसतो त्याचंच काम जातं. नवीन पोरं कॅमेऱ्याजवळ जायला धडपडतात, मी मुद्दाम मागे राहतो.

म्हणून इंदूरच्या पोरांना एवढंच, गर्दीसाठी मुंबईची अवंतिका एक्सप्रेस पकडू नका. भूमिका करायच्या असतील तर तयारी करून, ऑडिशनला या, ते जग वेगळं आहे. गर्दीच करायची असेल तर घरचं जेवण खाऊन, महिन्यातून दोनदा, महेश्वरच्या घाटावर करा. काकूंचं वाचून मला हेवा वाटला. मला कोणी कळशी भरायला सांगितली नाही कधी.

कॉमन_सेन्स

अंधेरी_लोकल, आईला सांगा. एवढंच.

नावाडी

वरच्या पैशांवरून आठवलं. आमच्याकडे जो निर्माता 'शेड्यूल संपल्यावर एकदम देऊ' म्हणतो त्याच्या कामाला मी दुसऱ्या दिवशी माणसं नेत नाही. एकदा नेली होती, ४२ जणांचे तीन दिवसांचे पैसे मी घरातून दिले, बायकोच्या बांगड्या ठेवून. तेव्हापासून रोजचे रोज, पॅकअपच्या आधी. तुम्ही पण हेच विचारा. हातात किती, कधी, बारा तासांच्या पुढे गेलं तर किती, परत सोडायला गाडी आहे का. रात्री अकराला मांडूच्या डोंगरावर पॅकअप झालं आणि गाडी नाही, असं झालेलं आहे.

गवळी_पल्सर

बायकांनी एकटीने जावं का? कपडे बदलायला जागा असते का? कोणी हे लिहिलंच नाही.

रामबागवाली

बरं विचारलंस. आम्हाला धर्मशाळेची एक खोली दिली होती, कडी आतून लागत होती, दाराशी कॉस्च्यूमची मुलगी बसलेली. पण बहिणीने आधीच्या एका शूटिंगचं सांगितलं, तिथे दोन साड्यांचा आडोसा केला होता आणि बाथरूम अर्धा किलोमीटरवर. म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या, दुपारी एकीला चक्कर आली. मी आता नेसूनच जाणार आणि पहिल्या खेपेला कोणाला तरी सोबत घेऊनच. आपण दोघी-तिघी असलो की सांगायला तोंड फुटतं. ठिकाणाचा पत्ता घरी लिहून ठेवते, ह्यांच्या हाती.

रामबागवाली

धागा वर काढतेय. नावाडीभाऊंना तीन फोटो पाठवले होते, साध्या भिंतीसमोर, ह्यांनी काढले (दोनांत पाय कापले गेले, तिसऱ्यात भिंतच जास्त आली). शनिवारचं काम आलंय, मांडूला. गाडी राजवाड्याहून पहाटे साडेतीनला. ७०० ठरले, ६०० हातात, पॅकअपच्या आधी. भूमिका: विहिरीवरची बाई. कळशी भरलेली असेल का ते विचारून घेतलंय, असेल म्हणाले.

अडचण एकच. बिनजरीचं, फिकं, सुती, वापरून मऊ झालेलं लुगडं हवंय. माझ्याकडच्या नऊवाऱ्या सगळ्या लग्नामुंजीच्या. बाजारात मिळतात त्या चमकतात. इंदुरात कोणाकडे आहे का? धुऊन परत करीन.

विंगेतला

आहे. आमच्या आईचं, हिरवट, काठ तपकिरी. ती गेल्यापासून ट्रंकेत आहे. एका बाजूला रफू आहे, चालेल का?

नावाडी

रफू असेल तर अजूनच चांगलं. रफूची बाजू कॅमेऱ्याकडे ठेवायला सांगतो.

रामबागवाली

चालेल. उद्या संध्याकाळी घ्यायला येते.

विंगेतला

तुम्ही नका येऊ, मीच आणून देतो. रामबागेत कुठे?